दिनूभावजींची गाडी आणि बंड्या

३ फेब्रु.
दिनूभावजी पडले. आमचा बंड्या त्यांच्या मोटारसायकलमागे धावला, ते वळणावर घसरले, कोपर सोलवटलं. शेजारी म्हणून सोडून दिलं, म्हणाले. जाताना, "वयनी, कुत्र्याला शिकवा, नायतर मी त्याला जयगडला सोडून येतंय." हसत. त्या हसण्यावर माझा विश्वास नाही.

४ फेब्रु.
मोबाइलवर बघून शिकवणं सुरू. लांब दोरी, मुठीत सुकट. गाडीचा आवाज आला की "बंड्या, बस." बसला की सुकट. आज मीच दोरीबरोबर फरफटत बेड्याबाहेर, थेट रस्त्यावर. सासरे, अण्णा, पडवीतून बघत होते. "कुत्रा तुलाच शिकवतोय गो!"

९ फेब्रु.
दूधवाला गेला, बसला. रिक्षा गेली, बसला. शहाणं गं माझं बाळ! संध्याकाळी भावजी पालीच्या बाजारातून आले नि सुटला दोरीसकट. फक्त यांच्याच मागे का? काहीतरी केलंय यांनी त्याला. लाथ? दगड?

११ फेब्रु.
पुन्हा. भावजी दोन्ही पाय वर घेऊन गेले. "रविवारपर्यंत बघतंय." ह्यांना बोटीवर फोन केला तर, "दे सोडून कुठेतरी." हे आठ-आठ महिने समुद्रात. घरात माझ्या पायात घोटाळणारा हा एकच जीव. नाही देणार.

१३ फेब्रु.
लाकडांच्या ढिगाआड बसून भावजींवर पाळत. बिचारे मुंगीच्या पावलाने गाडी नेत होते. आणि पडवीतून हळूच, "छू... छू बंड्या."
कलमांवर माकडं आली की अण्णा असंच सोडतात त्याला. मोहोर वाचतो म्हणून शाबासकी कोण देत आलं? मीच.
अण्णांना विचारलं. "डोळे गेले गो माझे. माकड वाटला."
डोळे गेले! सकाळी तांदळातले खडे निवडत होते. आणि माकड फटफट आवाज करतं? बागेच्या हद्दीच्या गडग्यावरून अण्णा नि भावजी वर्षभर बोलत नाहीत, ते काय मला ठाऊक नाही?

१४ फेब्रु., शनि.
भावजींना सांगावं तर भांडण पेटणार. न सांगावं तर बंड्या जाणार. ह्यांना सांगितलं. "अण्णा असं करायचे नाहीत." म्हणजे मीच खोटी.
दुपारी अण्णा आपल्या ताटातली भाकरी त्याला भरवत होते. मला बघून थांबले.

१५ फेब्रु., रवि.
भावजी आले, बंड्याला न्यायला गाडीला गोणपाट बांधून. म्हटलं, "एकदा इथून जाऊन दाखवा, मग ठरवा." दोरी सोडली आणि अण्णांना खेटून पडवीत बसले. गाडी निघाली. बंड्या उठला. माझ्या मुठीकडे नाही, अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिला. अण्णांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे असं बघितलं की...
गाडी गेली. बंड्या खाली बसला.
"शिकला की वो!" भावजी म्हणाले. "आजचा दिवस ऱ्हवंदे."
मला रडूच आलं. सगळी सुकट त्याच्यापुढे ओतली.
चहा पिताना अण्णा, अगदी गोड आवाजात, "सुकट संपली ना गो? उद्या पालीला किती वाजता जातंस?"