भाषणाला गेलो त्या मंगळवारी

नाशिक रोड,
शुक्रवार, दुपार (मामी भजनाला गेली आहे)

चि. मैना हिस,

मामाचा आशीर्वाद आणि मामीचा त्याहून मोठा आशीर्वाद (हे तिनेच असं लिहायला सांगितलं आहे). सोलापूरची हवा तुला मानवली असेल, लॅबमधले लोक नीट बोलत असतील, जेवण वेळेवर होत असेल आणि बाकीचंही वेळेवर होत असेल. बाकीचं म्हणजे काय ते तुला कळतं. पत्र चुकून घरमालकिणीच्या हाती पडू नये म्हणून पाकिटाला डिंक लावून वर चिकटपट्टीचे चार पट्टे मारले आहेत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाने बांधलेलं पाकीट आहे, उघडायला कात्री घेऊन बस.

आमची काळजी करू नकोस. दिवाळीला तुला रजा मिळाली नाही त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. नोकरी नवीन आहे, सहा महिने झालेत, एवढ्यात रजा मागणं बरं दिसत नाही. मामीने चकल्या मात्र तिघांच्या हिशेबाने केल्या आणि त्या मला दोघांच्या वाट्याच्या खाव्या लागल्या. ती अजून जेवायला तीन ताटं घेते, मग एक परत मांडणीवर ठेवते आणि सवयीने हात गेला म्हणते. मी ऐकू न आल्यासारखं करतो. घरात जागा भरपूर झाली आहे. तुझ्या खोलीत मामीने कांदे पसरायचं ठरवलं होतं, पण दोन दिवसांनी कांदे उचलून गॅलरीत ठेवले. का, ते मी विचारलं नाही.

फोनवर तू नुसतं हं, हं करतेस आणि मध्येच मामी फोन ओढून घेते, म्हणून हे लिहायला बसलो. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक निकिता मॅडम तुला आठवत असतील. (त्यांचे केस पांढरे झालेत. मी तसं बोलून दाखवलं, ते चुकलंच.) त्यांचा फोन आला की औषध नव्याने सुरू करायच्या मुलांचे पालक मंगळवारी येणार आहेत, काका, तुम्ही त्यांच्याशी बोला. एचआयव्हीची औषधं लहान मुलांना मिळायला लागली तेव्हा पहिल्या रांगेत आपण होतो, तू पाच वर्षांची. आता तू तेविसाची आहेस म्हटल्यावर मी आपोआपच तज्ज्ञ ठरलो. मी एकच अट घातली की भाचीचं नाव सांगणार नाही आणि फोटो दाखवणार नाही. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही ते तू ठरवणार, असं दहावीच्या सुट्टीत आपलं ठरलं आहे आणि मी ते मोडलेलं नाही.

भाषण चार पानी लिहिलं. निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला कोट घातला. (बटण लागत नाही. मामी म्हणाली, उघडाच ठेव, पुढारी दिसशील.) तळमजल्यावर एका हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, लोक बसलेले, दाराशी टेबल. मी म्हटलं हेच. टेबलावरच्या मुलीने नाव विचारलं, माझं बोट धरलं आणि टोचलं. मला वाटलं हल्ली वक्त्यांचं असं काही असेल. मग ती म्हणाली, "काका, दोनशे अठ्ठ्याऐंशी," आणि मी तो माझा नंबर समजून मागे जाऊन बसलो. पाऊण तास बसलो. तिथे अजून चाळिशीतच नंबर पुकारत होते आणि मी शेजारच्याला सांगत होतो की आपली पाळी संध्याकाळी येणार. शेवटी तीच मुलगी शोधत आली. दोनशे अठ्ठ्याऐंशी ही माझी साखर होती. मधुमेहाचं शिबिर होतं ते. डॉक्टरांनी मला आहाराचं पत्रक दिलं, रोज एक गोळी लिहून दिली, आणि वरच्या मजल्यावर माझी वाट बघत असतील हे मला तेव्हा कुठे आठवलं.

धापा टाकत वर गेलो. पंधरा-सोळा माणसं, मांडीवर पोरं. निकिता मॅडमनी ओळख करून दिली, मी खिशातून कागद काढला आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "भात, बटाटा, गूळ टाळा. पाय रोज तपासा." एका बाईने खरंच मुलाची चप्पल काढून पाय बघितला. माझं भाषण खालीच खुर्चीवर राहिलं होतं. कोटाच्या आत घामाच्या धारा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला आणि नातीचा हात धरून दाराकडे चालायला लागला.

गोटीराम त्याचं नाव. पेठकडच्या एका पाड्यावरचा, भातशेतीवाला. नात पूजा, सहा वर्षांची, अंगाने चार वर्षांच्या मुलीएवढी. फ्रॉक अगदी मापाचा. मॅडमनी त्याला थांबवलं तर तो शांतपणे म्हणाला, "हिचा बाप गेला, आई गेली. ही बी जायाची. मंग रोज कडू पाजून कशाला रडवू?"

मैना, मी त्या माणसावर रागवायला तोंड उघडलं आणि मला तुझा शाळेचा पहिला गणवेश आठवला. तुला आठवणार नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की दहा वर्षांची होईल का ते आत्ता सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात मामीने तुझ्यासाठी वाढत्या अंगाचा गणवेश आणला, स्कर्ट पार घोट्यापर्यंत. मी दुकानातून परत येईपर्यंत तिच्याशी भांडलो, की कशाला एवढा मोठा, कोण घालणार. तिने घरी येऊन स्कर्टला चार बोटं दुमड घातली. मग दर जूनला ती एकेक दुमड उसवायची आणि मी त्या वेळी मुद्दाम बाहेर जायचो.

मी गोटीरामला हेच सांगितलं. दाराशी उभ्या उभ्या. तू औषध माझ्या शर्टावर थुंकायचीस, गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरायचीस (त्या तुळशीला कधी कीड लागली नाही), सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "ती पोर आता कुठंय?" मी म्हटलं, नोकरी करते. "फोटो हाय का?" फोटो कोटाच्या आतल्या खिशात होता, छातीला टोचत होता. मी म्हटलं, आहे, पण तो दाखवायची परवानगी माझ्याकडे नाही. मला वाटलं आता तो जाणार. त्याने दुसरा प्रश्न विचारला.

"तिच्या बरूबरची समदी जगली काय?"

खोलीत सगळे आई-बाप ऐकत होते. निकिता मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला नाही म्हणायचं नव्हतं. पण त्याच्या तोंडावर हो म्हणणं जमेना. मी म्हटलं, नाही. तुझ्याबरोबर औषध सुरू केलेली तुम्ही अकरा मुलं होतात, आज सात आहात. आणि मग मी भाग्यश्रीचं सांगितलं.

हे नाव मी चौदा वर्षांत तुझ्यासमोर काढलेलं नाही. तुम्ही दोघी मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर एका डब्यातली बोरं खायचात. तू नऊ वर्षांची असताना मी तुला सांगितलं की ती काकांकडे मनमाडला शिकायला गेली. ती मनमाडला गेली नव्हती. तिच्या घरचे द्राक्षाच्या छाटणीला बाहेरगावी गेले, औषध चार महिने सुटलं, परत आली ती टीबी घेऊनच. एकोणीस दिवस वॉर्डात होती. मी रोज ड्युटी संपली की जाऊन यायचो आणि घरी येऊन तुला सांगायचो की मालगाडी लेट होती. ती तुझी चौकशी करायची. तिला मी सांगायचो, मैनाला सर्दी झाली आहे, बरी झाली की येईल.

एवढं भरल्या खोलीत सांगितलं. चांगल्या भाषणात हे येत नाही. मी खुर्चीवर बसलो, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गोटीराम मात्र परत आत आला आणि माझ्या शेजारी टेकला. म्हणाला, "समदे म्हणत्यात काय नाय होत, काय नाय होत. तुम्ही एकले खरं बोलले. मंग रोज दिली तर जगंल?" मी म्हटलं, रोज दिली तर जगण्याची शक्यता फार मोठी, आणि फ्रॉक पुढचा घ्याल तो मोठा घ्या. त्याने त्याच दिवशी औषध घेतलं. हल्लीची गोळी पाण्यात विरघळते, वास लिमलेटचा, चव मात्र कडूच. पंधरा दिवसांनी मला तिथे काही काम नव्हतं तरी गेलो. गोटीराम डबी घेऊन हजर होता. एकही चुकली नव्हती. त्याने माझी साखरेची गोळी विचारली, तेव्हा माझ्या तीन चुकलेल्या निघाल्या. त्याने मला सगळ्यांसमोर झापलं.

तर असं सगळं आहे. आम्ही मजेत आहोत. तू जिवाला जप.

तुझा,
सावळीराम मामा

ता.क. भाग्यश्रीला मनमाडला टाकायला म्हणून तू माझ्याकडे दिलेली चार पत्रं माझ्याकडेच आहेत. मी ती वाचलेली नाहीत. फाडवलीही नाहीत. आयुष्यभर लोकांची पार्सलं पोचती केली आणि ही चार तशीच राहिली. तुला कधीच कळलं असेल असं मामी म्हणते. तसं असेल तर तू मला इतकी वर्षं का विचारलं नाहीस तेही मला कळतंय. मला माफ कर.

ता.क. २. दिवाळीचं काही वाटलं नाही असं वर लिहिलं आहे, ते मामी परत आल्यावर पत्र वाचेल म्हणून. पण ती भजनाला गेलीच नव्हती. मागे उभी राहून मघाचपासून माझ्या खांद्यावरून वाचते आहे, आणि तिने मला ही ओळ लिहायला लावली आहे.

ता.क. ३. त्या दिवशी निघताना पूजाने माझा कोट ओढला आणि विचारलं, "मोठं झाल्यावर बी ती कडू लागती का?" मी तिला म्हटलं, विचारून सांगतो. फोनवर सांगायची सोय नाही, त्यांच्या पाड्यावर रेंज येत नाही. ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी येणार आहे. सांगायचं की नाही ते तू ठरवायचं, माझी सक्ती नाही. पण मला त्याचं उत्तर माहीत नाही, मैना. मी ती गोळी कधी चाखलेलीच नाही.