राहून गेलेले आभार

हसनाबाद, जानेवारी १९९७

ती. दुर्गाआक्कांस धाकट्या जावेचा नमस्कार.

वाटण्या झाल्यापासून आठ वर्षं आपण बोललो न्हाई. मधी माझं मन फार खचलं. जेवण जाईना, उठावं वाटेना. साक्षरता वर्गाच्या नीलाबाई म्हणल्या, "साळूबाई, रोज दिवसातली एक चांगली गोष्ट वहीत लिहा." पहिले चार दिवस काहीच सुचलं न्हाई. मंग लिवलं, 'आज भाकर टम्म फुगली.' असं लिवता लिवता हळूहळू घास गोड लागाया लागला.

काल बाई म्हणल्या, "जिचे आभार मानायचे राहिले, तिला पत्र लिहा." तुम्हीच डोळ्यापुढं आल्या. तुमचं तान्हं नुकतंच गेल्तं, अन् मी बाळंतपणाच्या तापात पडले होते. तवा तुम्ही रडत रडत माझ्या गजाननला अंगावर पाजलं. अन् वाटणीच्या भांडणात मी तुम्हालाच म्हणले, "माझ्या लेकराला नजर लावू नका."

आक्का, हे पत्र टपालात टाकणार न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं मीच केदारखेड्याला तुमच्याकडं येते. तुम्ही दार उघडलं न्हाई, तरी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचीन.

तुमची,
साळू