क्रोशाची सुई आणि तुमच्या भावाची कुलपं

ती. वन्सं यांना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत, आणि एकदा खाली गेलेली मी वर कशी येणार, हा प्रश्न पत्राने सुटण्यासारखा नाही. तुमची सांधेदुखी कशी आहे? तेल चोळता, की नुसती बाटली उशाशी ठेवता? (मी बाटलीच ठेवते. तेवढ्यानेही बरं वाटतं.) पत्र लिहायचं कारण असं, की या वयात मी एक छंद लावून घेतला आहे आणि तो तुम्हाला चारचौघांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेला बरा. मी किल्लीवाचून कुलपं उघडायला शिकले आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. तुमचे बंधुराज जन्मभर कारखान्याचे स्टोअरकीपर. ज्या माणसाने कधी कुणाला सहीशिवाय एक खिळा दिला नाही, त्याला निवृत्तीनंतर घरातलं सगळं उघडं बघून कसंसंच होणार, हे मी समजू शकते. आधी कपाटाला कुलूप लागलं, मग साखरेच्या डब्याला, मग औषधांच्या पेटीला. पुढे तर रद्दीला साखळी घालून कुलूप लावलं. (रद्दीवाल्याने ते पाहिलं आणि उंबऱ्यावरूनच परत गेला.) इथवर मी सगळं थट्टेवारी नेत होते. पण गेल्या वर्षापासून हे किल्ल्या लपवतात आणि कुठे लपवल्या ते विसरतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे विसरणं आता वाढतच जाणार. ह्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. पण कुलपासमोर उभं राहून जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतात, आणि एकही लागली नाही की खाली मान घालून तिथून निघून जातात. वन्सं, ती खाली घातलेली मान मला बघवत नाही.

सरळ उपाय मी आधी करून पाहिले. एकदा औषधांच्या पेटीचं कुलूप हातोडीने फोडलं, तर आपल्या ताब्यातल्या मालाची चोरी झाली म्हणून हे दिवसभर जेवले नाहीत. मग कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने किल्ली झटक्यात करून दिली, पण परका माणूस आपल्या कपाटाशी बसलेला बघून हे बाहेर जिन्यात जाऊन बसले, ते तो गेला तरी आत येईनात. तेव्हा मी ठरवलं, की कुलूप उघडायचं, पण कुलपालाही कळता कामा नये आणि ह्यांनाही. मोबाईलवर एक दाढीवाला गृहस्थ कुलपं उघडून दाखवतो. तो बोलतो ती भाषा मला कळत नाही, त्यामुळे आमच्यात कधी वादाचा प्रसंग आला नाही. त्याचं बघून मी क्रोशाची सुई कानशीने घासून बारीक केली आणि मोडक्या छत्रीची काडी ठोकून चपटी केली. काडीने कुलपाला हलकासा पीळ द्यायचा, सुईने आतल्या पिना एकेक करून वर ढकलायच्या. पीळ जास्त झाला तर सगळं अडतं, कमी झाला तर सगळ्या पिना पुन्हा खाली. (चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे निराळं शिकवावं लागत नाही.) पहिलं कुलूप, साखरेच्या डब्याचं, उघडलं तेव्हा माझ्याच हातून मी काय केलं हे मला कळलं नाही, म्हणून ते पुन्हा लावून बघितलं, तर उघडेना, आणि पुढचा आठवडाभर साखर न घातलेला चहा प्यायले.

सरावासाठी घरातली कुलपं पुरेनात, म्हणून गच्चीच्या दाराकडे वळले. तिथे आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी मला कुलपाला डोळा लावलेली पकडली. काय करताय, असं त्यांनी विचारलं आणि मी, हातात सुई होती म्हणून, विणकाम असं सांगितलं. संध्याकाळी खाली सूचना लागली, की इमारतीत संशयास्पद हालचाली दिसल्या असून रहिवाशांनी सावध राहावं. ह्यांनी ती वाचली, त्यांना ती फार पटली आणि वर येऊन त्यांनी माझ्या विणकामाच्या पिशवीला कुलूप लावलं. सुई आत. म्हणजे झालाच कारभार. शेवटी केसातल्या आकड्याने मी स्वतःच्याच पिशवीवर दरोडा घातला.

पण आता हात बसला आहे. दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी घरातून एक फेरी मारते. कुलपं उघडते आणि दांडी आत नुसती टेकवून ठेवते, दुरून बघणाऱ्याला बंदच वाटावी अशी. सगळी कुलपं एकाच घाटाची, त्यामुळे कुठलीही किल्ली कुठेही शिरते. हे उठतात, जुडग्यातली हाताला येईल ती किल्ली घालून जरा हिसडा देतात आणि दांडी सुटते. मग माझ्याकडे बघून म्हणतात, जिथली किल्ली तिथे, आपल्याकडे घोळ नाही. मी म्हणते, हो ना. एवढ्यासाठी मी हे शिकले आणि मला त्याचं काही वाटत नाही.

एकदाच फजिती झाली. अडगळीच्या खोलीत मी चादर शोधत होते. दार उघडं दिसलं, म्हणून ह्यांनी बाहेरून कडी घातली आणि कुलूप लावलं. सुई माझ्या अंबाड्यात, मी आत आणि कुलूप बाहेर. एवढी विद्या शिकून काडीचा उपयोग नाही. दार वाजवलं, तर ह्यांनी बाहेरून विचारलं, आत कोण? मी म्हटलं, मी. मी म्हणजे कोण? तुमची बायको. त्यावर अगदी अदबीने म्हणाले, "बाई घरात नाहीत हो. नंतर या." खरं सांगते, वन्सं, तिथे गाद्यांवर बसून मी रडले. मग डोळे पुसले आणि आवाज जाड करून म्हटलं, स्टोअरकीपर साहेब, मशीन विभागातून आलोय, काम खोळंबलंय, माल द्या. तशी लगेच खिशातून नेमकी किल्ली निघाली, पहिल्याच खेपेला लागली आणि दार उघडलं. वर्तमानपत्राच्या कडेला माल मिळाल्याची माझी सही घेतली. सही नीट न्याहाळून मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू इथे काय करतेस? चहा टाक."

मी चहा टाकला. तर अशी इकडची खुशाली आहे. घरातल्या लहानांना माझे आशीर्वाद, आणि तुम्ही थंडीवाऱ्याचं जपून राहा.

तुमची भावजय
(सेक्रेटरींच्या लेखी, संशयित)

ता. क. क्रोशाची सगळ्यात बारीक नंबरची सुई तिकडच्या दुकानात मिळाली, तर दोन पाठवाल का? काय विणायचंय असं दुकानदाराने विचारलं, तर टेबलावरचं कापड म्हणा. वर्षभरात मी एक टाका घातलेला नाही.

ता. क. दुसरा. सुया इकडेही मिळतात. त्यासाठी एवढं पत्र लिहिलेलं नाही. दर रविवारी तुम्ही फोन करता आणि ह्यांनी उचलला, की म्हणता, ओळख बघू कोण बोलतंय? तुमची लहानपणापासूनची थट्टा आहे, मला ठाऊक आहे. गेल्या रविवारी त्यांनी मावशी म्हटलं. तुम्ही हसलात, म्हणून तेही हसले. फोन ठेवल्यावर मला हळूच विचारलं, कोण होतं गं? मी सांगितलं, तसे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, ते जेवायलाही उठले नाहीत. तर यापुढे फोन उचलला की तुम्हीच आधी म्हणा, मी तुझी ताई बोलतेय. ताई म्हटलं, की पुढचं त्यांना सगळं आठवतं. तुम्ही त्यांची पाटी फोडलीत ते, आणि मार त्यांनी खाल्ला तेसुद्धा. मी सांगितलं, असं मात्र त्यांना कळू देऊ नका. आपणहून म्हटल्यासारखं म्हणा.