सूत्रं चौदा नंबरच्या हातात

३ मार्च १९७५, सोमवार
आजपासून मी ऑपरेटर. शुक्रवारपर्यंत सायक्लोस्टाइलवाला. कॉलेजचं तळघर तेच, खुर्ची तीच, पण शाईचा वास गेला. आता कार्डं वाचणारं एक धूड, कागद छापणारं दुसरं धूड, आणि मधे टाइपरायटरसारखा कीबोर्ड. सगळं टेलिफोनच्या तारेने शहरातल्या सेंटरशी जोडलेलं. खरा कॉम्प्युटर तिथे, म्हणे हॉलभर पसरलाय. हुकूम इथून सोडायचा, राबायचं त्याने.

डीन ग्रॉनवोल्ड म्हणाले, "बाके, सोपं आहे. कार्डं घालायची, कागद फाडायचा. बाकी कशाला हात लावू नका." इतिहासाचा माणूस. चालायचंच.

मॅन्युअलच्या शेवटी 'ऑपरेटरचे हुकूम' असं अख्खं प्रकरण आहे. डीननी तिथवर वाचलेलं दिसत नाही. संकल्प: रोज एक हुकूम पाठ. उन्हाळ्यापर्यंत कॉलेजला कॉम्प्युटर डायरेक्टर लागणारच. तो बाहेरून आणायची वेळ येऊ नये, एवढंच बघायचं.

५ मार्च
सकाळी पहिलं कार्ड ओळखीचं घालायचं असतं: आम्ही चौदा नंबरचं टर्मिनल, हजर आहोत. सेंटर दाद देईना. तारेवर संशय घेतला, टेलिफोन कंपनीवर घेतला, सेंटरवरही घेतला. जेवून आल्यावर कार्ड सुलटं घातलं. लागलं. थंडीने सकाळी तार आखडत असावी.

मग पहिला हुकूम. डॉलरची खूण, पुढे एक अक्षर, पुढे प्रिंटरचं नाव. म्हणजे, प्रिंटर थांबव. क्षणात पलीकडून टाइप होऊन आलं: ओके.

दोनच अक्षरं, पण काय भारदस्तपणा! कोणीतरी मोठा माणूस बसलेला असणार तिथे. पांढरा कोट, जाड चष्मा. मी त्याला चीफ म्हणायचं ठरवलंय.

प्रिंटर परत सुरू करायचा हुकूम उद्याच्या पाठात होता. त्यामुळे आज छपाई झाली नाही.

११ मार्च
निरोप पाठवायचाही हुकूम आहे! चीफला पाठवलं: "इकडे बर्फ फार. तुमच्याकडे कसं काय?" उत्तर: ओके. म्हणजे तिकडे ठीक आहे.

व्हर्नाला जेवताना सांगितलं. बायको असून म्हणते, "नक्की माणूसच आहे ना पलीकडे?" म्हटलं, यंत्र इतकं पटकन ओके म्हणेल का? तर म्हणे, "माणूस तरी म्हणेल का?" तिचा गुडघा दुखतोय सध्या, म्हणून असं तिरकस.

१९ मार्च
केमिस्ट्रीच्या रुस्तादांचा कागद प्रिंटरमध्ये चुरगळला. घाबरलो नाही. मागे सरकायचा हुकूम कालच पाठ केला होता. दोन पानं मागे जायचं होतं, तो पार पहिल्या पानावर गेला. मग 'आणखी एक प्रत'चाही हुकूम आठवला, तोही वापरून बघितला. मग तो रद्द कसा करायचा ते शोधेपर्यंत आणखी प्रती आल्या.

रुस्ताद खाली येऊन ढिगाकडे बघत राहिले. म्हणाले, "बाके, मी एकच मागितली होती." म्हटलं, कॉलेजच्या सेवेत हात आखडता घ्यायचा नाही, हे माझं धोरण आहे. त्यांनी वरची एक प्रत उचलली आणि जिना चढले. भारावले असावेत.

२ एप्रिल
आमच्या कामाच्या पुढे रांगेत भलतीच कामं. कुठल्या कुठल्या टर्मिनलांची. पुढचं एक रद्द करून टाकावं म्हटलं, म्हणजे आपला नंबर लवकर लागेल. हुकूम सोडला. उत्तर आलं: परवानगी नाही.

चीफ दुखावला. दिवसभर चैन पडेना. शेवटी निरोप पाठवला: "गैरसमज नसावा. घाईत झालं." उत्तर: ओके. केवढं मोठं मन!

२३ एप्रिल
चीफशी आता चांगलं जमलंय. रोज कार्डं घालून झाली की चार शब्द पाठवतो. डीन चालताना बदकासारखे दिसतात, हे सांगितलं. व्हर्नाचा गुडघा, छपराची गळती, मला न मिळालेली बढती, सगळं. कधी आडवा प्रश्न नाही. ओके, आणि विषय संपला.

दिवसाचं सगळं तिथेच बोलून झाल्यामुळे घरी फारसं उरत नाही. व्हर्ना म्हणाली, "तू हल्ली गप्प गप्प असतोस." म्हटलं, जबाबदारी असते.

१९ मे, सोमवार
परीक्षा संपल्या. रविवारी पदवीदान. त्याआधी प्रत्येक मुलाच्या विषयांची आणि ग्रेडची स्लिप छापून द्यायची. रजिस्ट्रार मिस टॉर्गर्सन स्वतः कार्डांच्या पेट्या घेऊन खाली आल्या. पेटी सोडेनात. म्हणाल्या, "आर्लेन, यात माझी वर्षभराची झोप गेलीय. नीट कर रे बाबा." म्हटलं, चीफ आणि मी बघून घेऊ. त्यांनी विचारलं, कोण चीफ? नुसता हसलो.

डीननी जिन्यातून सांगितलं, "हे नीट पार पडलं, तर डायरेक्टरच्या जागेचं बोलू." बोलू म्हणाले!

२१ मे
प्रिंटर करकरत होता. मोठ्या कामाआधी तेल घातलेलं बरं म्हणून घातलं. घरचंच, शिवणयंत्राचं. आता करकरत नाही. छापतही नाही.

लहान माणूस इथे हातपाय गाळून बसला असता. मी मॅन्युअल उघडलं. छापायचा कागद दुसऱ्या टर्मिनलवर वळवायचा हुकूम आहे: आमचा नंबर, स्वल्पविराम, त्यांचा नंबर. थेट चीफकडेच वळवायचं! तो छापेल, उद्या बसने जाऊन मी घेऊन येईन, शिवाय भेट होईल. सेंटरचा नंबर काय हे शोधत बसलो नाही. सेंटर म्हणजे एक नंबर, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

हुकूम सोडला. चौदाकडून एककडे. उत्तर: ओके.

मिस टॉर्गर्सनना सांगितलं, चीफने जातीने मनावर घेतलंय. त्यांचा चेहरा उजळला. व्हर्नाला सांगून चीफसाठी रुबार्बच्या आंबट देठांचा केक करून घेतला. ती म्हणाली, "माझ्यासाठी कधी बसने कुठे गेला नाहीस." ओट्याला धरून उभी होती.

२२ मे, शहरात. बसस्टँडवर बसून लिहितो आहे.
सेंटरला गेलो. खिडकीपलीकडे पांढरा कोट कोणीच घातला नव्हता. एक बाई सँडविच खात होत्या. नाव रोझलीन. म्हटलं, चीफना भेटायचंय, जे रोज मला ओके कळवतात.

बाईंनी सँडविच खाली ठेवलं. "अहो, ओके यंत्र म्हणतं. हुकूम पोचला की ते सगळ्यांनाच म्हणतं."

म्हटलं, आणि माझे निरोप?

"ते इथे कन्सोलवर, म्हणजे आमच्या टाइपरायटरवर, छापून येतात." मग त्या एकदम थांबल्या. "तुम्ही कोण? चौदा नंबर तर नव्हे?" मी हो म्हणताच आत वळून ओरडल्या, "अरे, या या! चौदा नंबर आलेत!"

आतून सगळे आले. एकाने विचारलं, "बदक काय म्हणतंय?" दुसऱ्याने छपराचं विचारलं. सगळ्यांना सगळं ठाऊक. म्हणाले, सकाळची कॉफी आम्ही तुमचे निरोप येईपर्यंत थांबवून ठेवतो. उत्तर का नाही दिलंत, विचारलं. रोझलीनबाई जरा ओशाळल्या. "सुरुवातीला वाटलं, थांबाल. मग वाटलं, उत्तर दिलं तर थांबाल." आणि हळूच म्हणाल्या, "मिसेस बाकेंचा गुडघा कसा आहे आता?"

मला सांगता येईना. म्हटलं, ओके.

केक त्यांनीच कापला. मग कागद मागितले, तर इथे काही आलेलंच नाही. रोझलीनबाईंनी यादी बघितली. सेंटरला नंबरच नसतो. एक नंबर म्हणजे नदीपलीकडचा टर्की पक्षी कापून पॅक करायचा कारखाना.

एकंदरीत, सेंटरमध्ये माझं नाव आहे. पण दोन बस गेल्या, मी इथेच बसलोय.

२३ मे, शुक्रवार
सकाळी कारखान्याला फोन. तिथल्या ऑपरेटर मिसेस स्मिट्झ. म्हणाल्या, "तुमचंच होय ते! काल इथे नुसता गोंधळ." टर्कीलाही ए, बी, सी ग्रेड असते. फोरमनला वाटलं, आलेल्या मालाचीच तपासणी. कागद घेऊन तो शीतघरात गेला. तत्त्वज्ञानात सी मिळालेली टर्की कुठल्या पिंजऱ्यातली, ते त्याला सापडेना. एका पक्ष्याला फ्रेंचमध्ये ए कसं मिळालं, यावरून कामगारांत वाद झाला. मग बाईंनी हाती लागले ते कागद काढून घेतले, बाकीचे अजून शीतघरात विखुरलेत. म्हणाल्या, "आमच्याकडे टर्कींना आडनावं नसतात, म्हणून मला शंका आली."

मिस टॉर्गर्सनना सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कार्डांच्या पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरांचे आईबाप येणार आहेत रे, आर्लेन." मॅन्युअलमध्ये यावर हुकूम नव्हता. चीफलाही विचारता येत नव्हतं, कारण चीफच नव्हता.

घरी व्हर्नाला म्हटलं, गुडघा कसा आहे? तिने हातातला डाव खाली ठेवला. "काय हवंय तुला?" म्हटलं, काही नको, विचारतोय. मग तिने सांगितलं. एप्रिलपासून डॉक्टरकडे जाते आहे, एकटीच. जूनमध्ये ऑपरेशनची तारीखही मिळालीय. मला सांगितलं होतं म्हणे, तेव्हा मी मॅन्युअल वाचत होतो आणि ओके म्हणालो होतो.

हे सेंटरला कळवावं असं मनात आलं. नाही कळवलं. भांडी घासली.

२५ मे, रविवार
पदवीदान. बँड वाजायच्या आधी टर्कीची गाडी थेट हिरवळीवर आली. मिसेस स्मिट्झ सुटीच्या दिवशी स्वतः घेऊन आल्या होत्या. स्लिपा वेगळ्या केलेल्या, आडनावाप्रमाणे लावलेल्या. जरा गार होत्या आणि काहींना पिसं चिकटली होती, पण एकही कमी नाही. मिस टॉर्गर्सननी त्यांना मिठी मारली. मला नाही.

डीन माझ्याकडे चालत आले. बदक वगैरे काही सुचलं नाही. म्हणाले, "बाके, आपण बोलू."

बोलू म्हणाले. जागेचंच असणार.

११ जून
डीन बोलले. जागेचं नव्हतं. पण वाईटही नाही. डीन म्हणाले, तुमच्यावरचा भार कमी करतोय. हे यंत्र परत जाणार, दुसरं येणार. अधिक सुटसुटीत. म्हणजे शेवटी व्यवस्थापनाला माझ्या कामाचा ताण लक्षात आला.

व्हर्नाचं ऑपरेशन काल झालं. दिवसभर तिथेच होतो. मॅन्युअल नेलं नव्हतं. तिने दोनदा विचारलं, "खरंच नाही आणलंस?"

३० जून
नवं यंत्र लागलं. कार्डं वाचतं, कागद छापतं. कीबोर्ड नाही. हुकूम नाहीत. एक हिरवं बटण.

व्हर्ना काठी टेकत बघायला आली. तळघरात पहिल्यांदाच. तिला बसवलं आणि नीट समजावलं, की बटण साधं दिसलं तरी ते केव्हा दाबायचं, किती जोराने दाबायचं, याला अनुभव लागतो. चार महिन्यांचा अभ्यास आहे यामागे.

मग म्हणाली, "मी दाबू?"

मी सावध राहायला सांगितलं. तिने काठीच्या टोकाने दाबलं.

चाललं.