आक्कांच्या गोठ्यातलं दूध

१८ ऑगस्ट
सकाळी पोहोचले. पंचगंगेचा पूर उतरून बारा दिवस झाले, तरी घरांच्या भिंती वरपर्यंत तपकिरी आहेत आणि झाडांच्या फांद्यांत चिंध्या लोंबताहेत. पण आल्यावर बरं वाटलं. कॉलेजात वीस वर्षं शिकवलं. हातांनी काही उपयोगाचं करायची ही पहिलीच वेळ. इथल्या स्वयंसेवकांचा प्रमुख धैर्यशील माझे बूट बघून म्हणाला, उद्या तुम्हीच ह्यांना ओळखणार नाही मॅडम. माझी सोय चिमणाबाईंकडे आहे. साठीच्या, एकट्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं.

१९ ऑगस्ट
दिवसभर फावड्याने गाळ ओढला. कुजका चारा, डिझेल आणि मासे यांचा मिळून एक वास आहे, तो जेवतानाही ताटात असतो. धैर्यशीलने प्रत्येक घराचा तक्ता दिला आहे: खोल्या, चूल, संडास, गोठा. साफ झालं की खूण करायची. परसातला गोठा आधीच धुतलाय, असं आक्का म्हणाल्या. दाराला कडी होती. न बघताच खूण केली. त्यांच्या शब्दावर संशय घेणं बरं दिसलं नसतं.

२० ऑगस्ट
सकाळी आक्का गोठ्यातून फेसाळ पेला घेऊन आल्या. "प्या पावणं, आत्ताच काढलंय. म्हशीखालचं हाय, तापवायचं न्हाय." इथे पाहुण्याला धारोष्ण दूध देतात, तो मान असतो. नाही म्हणवलं नाही. पण ताज्या धारेचं दूध कोमट हवं ना? हे विहिरीतल्या पाण्यासारखं गार होतं. जाडसर. घोट जिभेवर बसून राहिला. शहरी नखरे नकोत, म्हणून पेला संपवला.

२२ ऑगस्ट
पेल्याच्या तळाशी गाळ. आज एक काळा केस दातात अडकला, ओढला तर वीतभर निघाला. ढेकरही गाळाची येते. तरीही शाळेतल्या छावणीत चाळीस मुलं भुकटीच्या दुधावर आहेत, हे मीच आक्कांना सांगितलं. त्या लगेच तयार झाल्या. सोमवारपासून किटली मी न्यायची. स्वतःवर खूश झाले, हेही लिहायला हवं.

२४ ऑगस्ट, रविवार
धैर्यशीलला आक्कांच्या दुधाचं सांगितलं. तो हसला नाही. कुठल्या म्हशी, असं विचारलं. मग म्हणाला, जुन्या पुराची रेघ भिंतीवर रंगवलेली आहे, पाणी तिच्यावर जात नाही असं सगळ्यांनीच धरलं होतं. जनावरांपुढे चारा टाकून, ती बांधलेलीच ठेवून लोक नावेत बसले. पाणी रेघेच्या वर दोन हात चढलं. आक्कांच्या तिन्ही म्हशी दाव्यालाच बुडाल्या. आक्का मढी उचलू देत नव्हत्या. तक्त्यावरची माझी खूण बघून त्याला वाटलं, उचलली असतील. उद्या जेसीबी घेऊन येतो म्हणाला.
माझी खूण.
दुपारी कडी काढली. तिन्ही उभ्या आहेत. फुगलेल्या. कातडं सुटलेलं, डोळ्यांच्या जागी माशा. कास मात्र तटतटलेली. तिघींनी माना वळवल्या.
तिथेच ओकले. पांढरं पडलं. पडत राहिलं.

२५ ऑगस्ट
किटली वाटेत ओतून द्यायची ठरवून निघाले. ओतली नाही. हात वळेना.
मुलं रांगेत होती. धैर्यशील समोर आला. सगळं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, दूध चांगलं आहे. आवाज माझाच. जेसीबीचं तो काही बोलला नाही. त्यानेही पेला पुढे केला.
मुलांनी किटली आतून चाटली.

२६ ऑगस्ट
मुलं अंगणात आली आहेत. चाळीसच्या चाळीस. एकही बोलत नाही. ओठांवर गाळ. हातात पेले—
आक्कांची बोटं आखडली आहेत म्हणे. आज धारेला मी बसायचं. "पावणी कसली आता, घरचीच की तू. ऊठ, म्हशी खोळंबल्यात."
लिहीत आहे तोवर हात गुंतलेला आहे. म्हणून लिहीत आहे. मी नुसती किटली आणून दिली— नाही, मीच पाजलं. खरं लिहायचं. ज्याला ही वही मिळेल त्याने आधी गोठा जाळावा. मुलांना त्या दाराशी—
आक्कांनी डावा हात धरला. त्यांची बोटं गार, मऊ, सडांसारखी— उजवा अजून माझा आहे, उजवा अजून—