मी खोटं का बोलले?

शुक्रवार, संध्याकाळ

दर शुक्रवारी शेजारच्या सलमाभाभी चहाला येतात. मी बायबलमधला येशूचा जन्म वाचते, त्या कुराणातला. तो देवाचा पुत्र की पैगंबर, यावर आम्ही भांडतो आणि हसतो. आज सोसायटीचे सेक्रेटरी तिघांना घेऊन दारात. "टीचर, इथे धर्मांतर चालतं म्हणे?" एकाचा मोबाईल आमच्या तोंडावर रोखलेला. मी म्हटलं, "छे, भाभी बिर्याणी शिकवतात." का बोलले असं? त्या मोबाईलला घाबरून! भाभी मात्र शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दोघी किताब वाचतो. बसा, ऐका." कोणी बसलं नाही. आता तो व्हिडिओ कुठे कुठे फिरेल?

जाताना भाभींनी विचारलं, "पुढच्या जुम्म्याला येऊ ना?"

मला 'या' म्हणवलं नाही.