रामेश्वरला काय सोडले

४ जानेवारी १९५५, बेंगळूर
यांनी शेवटी कबूल केले. आधी लंका पाहायची, परतताना रामेश्वरला स्नान करून तपकीर सोडायची. तीर्थावर सोडलेली आवडती वस्तू पुन्हा शिवायची नाही, हा थोरल्या वन्संचा, अक्कांचा, नियम. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण नियम उपयोगाचा आहे. अक्का साक्षीला येणार. "सरी, तसंच करू," म्हणाले. फार लवकर म्हणाले.

८ जाने., बोटीवर
धनुष्कोडी सोडली. यांनी चिमूट उचलली, वारा उलटा. शेजारच्या पाद्र्याला शिंकांवर शिंका. यांनी माफी मागून दुसरी चिमूट पुढे केली. पाद्र्याने घेतली!

१० जाने., कँडी
बुद्धाच्या दाताचे देऊळ. दात दिसत नाही, पेटी दिसते. अक्का : "एका दातासाठी एवढा थाट? माझे सगळे पडले, कोणी विचारले नाही."
तळे सुरेख. कॉफी भयंकर. घरून आणलेली पूड संपली. डोके ठणकते.

११ जाने., नुवारा एलिया
थंडी. ओढ्याकाठी सीतेचे लहानसे देऊळ. अक्का रडल्या. मग चहाचा मळा. हे पेल्यामागून पेले प्याले.
"अगं, स्वल्प घेऊन तर बघ."
"तो काढा तुम्हालाच लखलाभ."
भलामोठा पुडा विकत घेतला. एवढा कशाला? "लागेल," म्हणाले.

१४ जाने., रामेश्वर, संक्रांत
सगळ्या कुंडांचे पाणी डोक्यावर. ओलेत्याने संकल्पाला बसलो. भटजी म्हणाले, पत्नीने यजमानांच्या हाताला हात लावावा. जोडप्याचा संकल्प एकच, दोघांना लागू. लावला. किती उत्साहाने लावला!
"काय सोडता?"
यांनी डोळे मिटले. "कॉफी."
पाणी ताम्हनात पडले.
"मी तोंडाने काही बोललेले नाही," मी.
"हात लागला होता ना? झाले तर," अक्का.
भटजी पुढच्या जोडप्याकडे वळले. यांनी तपकिरीची डबी काढली.

१६ जाने., गाडीत
यांच्याशी बोलत नाही. कॉफीवाला खिडकीशी आला, अक्कांनीच हाकलला. हे शिंकले. मुद्दाम.

१९ जाने., बेंगळूर
कॉलेजात लॉजिक हा माझा विषय. पळवाट शोधते आहे, सापडत नाही. विश्वास नाही तर पिऊन मोकळी का होत नाही? मीच धरलेला नियम मीच मोडला, तर या घरात उद्या माझे कोण ऐकेल?
शेजारच्या मीनाक्षम्मा कॉफीच्या बिया भाजत होत्या. "लंका कशी होती?" त्यांनी विचारले. "ओली," मी म्हटले; लक्ष वासाकडे. उगीच बसून राहिले तिथे. इकडे वरण करपले.

२१ जाने.
यांना चहा मीच करून देते. असा करते, की दुसरा पेला मागत नाहीत.

२२ जाने.
पहाटे स्वयंपाकघरात वास. फिल्टरमध्ये कॉफी उतरलेली. मी घातली नव्हती. चुलीवर दूध. दोन पेले, मध्ये तपकिरीची डबी, झाकण बंद. हे पाटावर बसलेले. अक्का देवळात.
"चहा पुरे झाला. डबी घे. पण पहिला घोट तुझा."
"आधी डबी चुलीत."
"आधी घोट."
फाटक वाजले. अक्का. दूध वर येत होते. दोघांपैकी कोणीच उठेना.